चमच्यातली उजेडाची रेघ

आमच्या गल्लीत कोणाला नवे काटे-चमचे घ्यायचे असले की आधी आमच्या दारात हाक यायची, "ताई आहेत का घरात?" ताई म्हणजे आमच्या वन्सं, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. त्या आमच्याकडेच राहतात. एकतीस वर्षं त्या चमच्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसल्या. सुट्टीच्या दिवशी तरी बाईने चमच्याचं तोंड बघू नये, पण नाही. हाक आली की चपला पायात.

भांड्यांच्या दुकानात त्या शिरल्या की दुकानदार लांबूनच म्हणायचा, "आल्या परीक्षा घ्यायला. आज किती नापास करणार?"

"तुमचे चमचे अभ्यास करून बसले असतील तर एकही नाही," असं म्हणून वन्सं पिशवी माझ्याकडे द्यायच्या आणि कामाला लागायच्या.

आधी मान बघायच्या. दांडा जिथे चमच्याच्या वाटीला मिळतो, ती मान. तिथे अंगठ्याने दाबायचं. जरा जरी लवली तरी चमचा परत. "घट्ट काही वाढायला घेतलं की हा तुम्हाला नमस्कार करणार," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. मग काट्याच्या दातांमधून सुती धागा ओढायच्या. धागा अडकला तर समजायचं, आतून घासलेलाच नाही. सुरीचं पातं मुठीत किती खोल गेलंय ते बघायच्या. आणि सगळ्यात शेवटी चमचा ट्यूबलाइटखाली धरून हळूच कलता करायच्या. चांगल्या चमच्याच्या वाटीत ट्यूबची एक पांढरी रेघ पडते. चमचा फिरवला की ती न तुटता एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकते. खड्डा असला तर तिथे मोडते. आणि कडेवर स्टीलचं कुसळ राहिलं असलं तर तिथे ठिणगीसारखं काहीतरी चमकून जातं. हे कुसळ बोटाला लागत नाही, जिभेला आणि ओठाला लागतं. वन्संचा अंगठा तर इतक्या वर्षांत चामड्यासारखा झाला होता. "ह्या अंगठ्याला आता काही कळत नाही गं, उजेडातच बघावं लागतं," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

कारखान्यात एकेक चमचा उजेडात फिरवताना त्या मनात देवाचं नाव घ्यायच्या. एक चमचा, एक नाम. हे कोणाला माहीत नव्हतं. संसारात जपाला वेळच मिळत नाही म्हणून मी एकदा कुरकुरले, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. वर म्हणाल्या, "वेळ कुठे मिळतो कुणाला? कामातच घुसवायचं त्याला."

गेल्या थंडीत त्यांचा उजवा अंगठा पहिल्यांदा हलला. त्या बसून पेपर वाचत होत्या आणि पेपराचा कोपरा आपोआप फडफडायला लागला. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि कितीतरी वेळ अंगठ्याकडे बघत राहिल्या. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी चार हातांवरच्या स्वयंपाकघरात होते आणि मला पत्ताही नव्हता.

माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा, मग मनगट, मग सगळाच हात. शेवटची चार वर्षं वन्संनीच त्यांना भरवलं. कारखान्यातून आल्या की हात धुवायच्या आणि आईसमोर वाटी घेऊन बसायच्या. चमचा जवळ आला की सासूबाई तोंड उघडायच्या आणि डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. लेकीकडे बघवायचं नाही म्हणून. वन्सं त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. पण ते मिटलेले डोळे त्यांच्या मनात बसले होते.

म्हणून अंगठा हलला तशा त्या हादरल्या. टेबलावरच्या बाईचा हात हलतो असं कळलं की तिला उठवतात, हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. उठवलं की घरी बसायचं. घरी बसलं की हळूहळू दुसऱ्याच्या हातून खायचं. त्यांना पुढची वाट एवढीच दिसत होती, आणि त्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कोणाला सांगायचं नाही. डॉक्टरलाही नाही. निवृत्तीला दीड वर्ष होतं, तेवढं काढायचं.

मला काही दिसत नव्हतं असं नाही. त्या कप अर्धाच भरून घ्यायला लागल्या. आमच्याबरोबर जेवायला बसेनात. "तुम्ही घ्या, मी मागून बसते," म्हणायच्या. रोजचा चमचा सोडून वाढायचा जाडजूड चमचा जेवायला घ्यायच्या. जड वस्तू हातात असली की कंप कमी दिसतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. मी मात्र वेगळंच समजले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय आणि वन्सं रागावल्यात. महिनाभर मी त्यांच्या आवडीचं करून वाढत होते. बाई आत घाबरून मरत होती आणि मी तिची मनधरणी करत होते.

कारखान्यात सुरुवातीला कोपर टेबलाच्या कडेला दाबून धरलं की हात थोडा वेळ गप्प राहायचा. मग तेही चालेना. चमचा उचलला की वाटीतली रेघच थरथरायची. थरथरत्या रेघेत मोडलेली जागा कशी दिसणार? शेजारच्या टेबलावर एक बाई बसायची, अखंड बडबड करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. ती एक दिवस म्हणाली, "अगं बाई, ताई, तुमच्या चमच्यात ट्यूब लुकलुकतेय का हो?"

"तुझेच डोळे लुकलुकतायत," त्या म्हणाल्या. चिमणी हसली आणि विषय तिथेच राहिला.

पण त्या दिवसापासून वन्संनी चमचा वर उचलणंच सोडलं. तो टेबलावरच ठेवायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि पुढे सरकवायचा. ज्या अंगठ्याला काही कळत नाही, त्याच अंगठ्यावर त्या पास करत सुटल्या. बघणं थांबलं, नाम तेवढं चालू राहिलं.

मग माझ्या लेकीने नवं घर घेतलं. तिची मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची, चार दात आलेली. लेक म्हणाली, "आत्या, जुने सगळे वाकडे चमचे टाकून देणार आहे मी. एकदाच घेणार आणि मरेपर्यंत पुरणारे घेणार. तू चल."

वन्संनी आधी पाय दुखतायत असं सांगितलं. मग डोकं. लेक म्हणाली, "उद्या दात दुखतील. गुपचूप चल."

आम्ही तिघी गेलो. दुकानदाराने नेहमीचा विनोद केला, पण वन्संनी उत्तर दिलं नाही. त्यांचा उजवा हात पदराखाली होता. डाव्या हाताने त्या खोकी पुढे ओढत होत्या, चमचा तळहातावर घेऊन नुसता तोलत होत्या. नाजूक, लांब मानेचा एक सेट लेकीला आवडला होता. वन्संनी त्याच्याकडे बघितलंही नाही. कोपऱ्यातला एक जाड दांड्यांचा सेट त्यांनी पुढे घेतला.

"हा घे."

"आत्या, हे चमचे आहेत की पहारी? माझ्या पाहुण्यांनी जेवायचं की खड्डे खणायचे?"

"जड आहे, टिकेल. मानही भक्कम आहे."

"बरं बाई. आणि ह्यात छोटे चमचे पण आहेत पिल्लूसाठी. उजेडात बघ ना एकदा. तुझी ती रेघ."

वन्सं वर ट्यूबकडे बघत राहिल्या. दुकानात माणसं होती, लेक हाताजवळ उभी होती. मला आजही ते दिसतं, त्यांच्या मानेवर घाम आला होता आणि बाहेर तर वारं सुटलं होतं. त्यांनी टेकवून ठेवलेल्या छोट्या चमच्याच्या कडेवरून डावा अंगठा फिरवला.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "चांगले आहेत."

एकतीस वर्षांत रेघ न बघता त्यांच्या पसंतीने घरात आलेला तो पहिला सेट.

अकरा दिवसांनी, रविवारी, लेकीने आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाली. लेक पिल्लूला मांडीवर घेऊन कुस्करलेलं केळं भरवत होती. पिल्लू हसत होती, चमचा चावत होती, ओढत होती. एकदम तिने किंकाळी फोडली. लेकीने चमचा बाहेर काढला तर केळ्यावर लाल रेघ. खालचा ओठ आतून कापला होता. जखम नखाएवढीही नव्हती, पण एवढ्याशा तोंडातलं रक्त हनुवटीवर, झबल्यावर, लेकीच्या हातावर आलं. मी पाणी आणायला धावले. जाताना देवाचं नाव घेत होते की ओरडत होते, आठवत नाही.

रक्त थांबलं. पिल्लू हुंदके देत आईच्या खांद्याला लागली. तेव्हा लेकीने तो चमचा उचलला, कडेला जीभ लावून पाहिली आणि चटकन मागे घेतली.

"आत्या," ती म्हणाली, "तू बघितला होतास ना?"

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

वन्संनी चमचा मागितला. खिडकीशी गेल्या आणि पहिल्यांदाच आमच्यादेखत उजवा हात पदराबाहेर काढून चमचा उजेडात धरला. चमचा नुसता उडत होता. खिडकीचा उजेड त्या वाटीत पारा सांडल्यासारखा इकडून तिकडे पळत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं, तरी थांबेना.

आम्हाला सगळं कळलं. माझ्या मनात सासूबाई आल्या, त्यांचे मिटलेले डोळे आले.

"आत्या, हे कधीपासून?" लेक विचारत होती. "अगं बोल ना! डॉक्टरला दाखवलंस का?"

वन्संचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की हाताचं भय त्यापुढे काहीच नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"अगं, छोट्या चमच्यांचा लॉट आहे. कारखान्यात. लहान मुलांचे. सगळा मीच पास केलाय, असाच, अंगठ्यावर. चाळीस खोकी. उद्या दुपारी गाडीत चढणार."

एका खोक्यात शंभर चमचे. मी मनात हिशेब केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

मी त्यांना काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "वन्सं, सगळेच काही वाईट नसतील. कदाचित एकही नसेल. तुम्ही आता कशाला तोंड उघडता? उठवतील तुम्हाला."

त्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही. एवढंच बोलल्या, "प्रत्येक चमच्याला देवाचं नाव घेतलंय गं मी. त्याच्या नावावर पास केलेत."

पिल्लू झोपेत मधूनच ओठ चोखत होती आणि कळ आली की कण्हत होती.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. वाटेत दोनदा त्या थांबल्या. एकदा चप्पल नीट करायला आणि एकदा कशालाच नाही, नुसत्या थांबल्या. मी म्हटलं, "चला." त्या म्हणाल्या, "चालतेय. पाय ऐकत नाहीत, हातासारखेच झालेत."

तपासणीचा साहेब तिशी-पस्तिशीचा. तो नवा आला तेव्हा चमच्यातली रेघ बघायला वन्संनीच त्याला शिकवलं होतं. आम्हाला बघून तो हसला. "काय ताई, आज वहिनींना घेऊन? नोकरीला लावायचंय का?"

"जागा रिकामी होतेय माझी," वन्सं म्हणाल्या.

त्याच्या टेबलावर पेन्सिली ठेवलेला पत्र्याचा डबा होता. वन्संनी उजवा हात टेबलावर, डब्याला लागून ठेवला. पेन्सिली आत खुडखुड वाजायला लागल्या. साहेब आधी डब्याकडे बघत राहिला, मग हाताकडे. त्याचं हसू गेलं.

वन्संनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडल्या नाहीत. लहान मुलांचा लॉट सांगितला. त्याआधी मोठ्या चमच्यांचे दोन लॉट असेच पास केले, ते कधीच दुकानांत गेले, तेही सांगितलं. ते ऐकून साहेबाने कपाळाला हात लावला.

"ताई, एक शब्द बोलला असतात!"

"बोलले असते तर तू उठवलं असतंस."

"उठवलं असतंच!" तो ओरडला. मग बाहेर बायका ऐकतायत हे लक्षात येऊन खाली बसला. "उठवलं असतंच, ताई. तुम्हीच शिकवलंय."

त्याने गाडी थांबवली. गेलेल्या लॉटसाठी दुकानांना फोन करायला माणूस बसवला. चाळीस खोकी फोडली आणि सहा बायका टेबलांना बसल्या. वन्संच्या खुर्चीवर दुसरीच बाई होती. वन्सं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं घरी जाऊ, त्या हलल्या नाहीत.

वाईट चमचा सापडला की पत्र्याच्या डब्यात टाकायचा, असा तिथला रिवाज. पहिली पाच-सहा खोकी काहीच आवाज झाला नाही. माझ्या जिवात जीव येत होता. मग एक टण झाला. थोड्या वेळाने दुसरा. चिमणी त्या दिवशी एक शब्द बोलत नव्हती, त्यामुळे प्रत्येक टण भिंतीवर जाऊन आपटत होता. दर वेळी वन्सं डोळे मिटायच्या. अगदी सासूबाई मिटायच्या तशा. मी बाजूला उभी राहून ते बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, पुरे कर आता.

तेवीस वेळा टण झाला.

साहेबाने डबा स्वतः उचलून आत नेला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "ताई, आता टेबल नाही. आधी डॉक्टर. पुढचं मी वर विचारतो. मी काही शब्द देत नाही."

"नको देऊस," वन्सं म्हणाल्या. निघताना चिमणीने त्यांचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली आणून दिली आणि पदर तोंडाला लावून परत पळाली.

डॉक्टरची वेळ गुरुवारची मिळाली.

मंगळवारी दुपारी लेक आली. कडेवर पिल्लू, दुसऱ्या हातात तो जड सेट, सगळाच्या सगळा. पिल्लूचा ओठ सुकला होता आणि ती नेहमीसारखी किलबिलत होती. वन्संनी तिला घेतलं नाही. हात मागे घेतले आणि म्हणाल्या, "नको. पडेल माझ्याकडून."

लेकीने पिल्लूला सरळ त्यांच्या मांडीत बसवलं. "मांडी तर हलत नाही ना तुझी?" आणि ट्यूब लावून समोर बसली. "मी धरते. तू बघ."

"दुकानात परत दे ना ते."

"देणार आहे. पण कुठले चांगले, कुठले वाईट, ते मला शिकायचंय. तू सोडून आपल्या घरात येतं कुणाला?"

तिने पहिला चमचा उचलला. वन्संनी मान पुढे केली. पिल्लूने त्यांचा हलणारा अंगठा मुठीत पकडला होता. तिला तो खेळ वाटत होता. ती अंगठ्याबरोबर आपलाही हात हलवून हसत होती.

"कलता कर. तिकडे नाही, माझ्याकडे. आता हळू." वन्संनी ओठांत नाम घेतलं, ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. "हा चालेल. पुढचा."

चार चमचे झाले. पाचव्याला वन्सं म्हणाल्या, "हात हलतोय तुझा."

लेकीचा चेहरा मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसत नव्हता, पाठ दिसत होती. "रडतेय मी, आत्या," ती म्हणाली. "आजीसारखं झालं तुला तर? हात कसा स्थिर राहील माझा?"

मी तिथेच दाराला धरून उभी होते. हेच विचारायला मला दोन दिवस धीर झाला नव्हता.

"झालं तर तू भरव," वन्सं म्हणाल्या. त्यांचाही आवाज हलत होता. "पण रेघ बघितलेल्या चमच्याने भरव. आधी रडून घे, मग धर. चमचा काही पळून जात नाही."

लेकीने बाहीने नाक पुसलं, दोन खोल श्वास घेतले आणि चमचा पुन्हा ट्यूबखाली धरला.

"हं," वन्सं म्हणाल्या. "आता दिसतेय. इथे बघ, कडेला. ठिणगी दिसली?"

"दिसली."

"मग तो बाजूला ठेव."